स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या घरातली सगळी भावंडं कशी शोधायची

मिनेसोटा, शिकागो, सिएटल या भागांतल्या मराठी घरांत स्वीडिश वंशाची सून किंवा जावई असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मग कधीतरी नातवंडाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात. आपल्या बाजूच्या पाच पिढ्या आजोबा तोंडपाठ सांगतात आणि दुसरी बाजू ‘जॉन अँडरसन, स्वीडन’ या तीन शब्दांवर येऊन थांबते. त्या घरच्या मंडळींनाही बहुतेक वेळा यापुढचं काही ठाऊक नसतं. हा लेख अशा ठिकाणी अडकलेल्यांसाठी आहे. पूर्वी कधीही वंशावळीचं काम केलेलं नसलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फक्त आपल्या जॉनच्या मागे लागू नका. त्याची सगळी भावंडं शोधा. स्वीडनमधून १८५० ते १९३०च्या दरम्यान बारा-तेरा लाख माणसं उत्तर अमेरिकेत गेली, आणि १९०० साली त्या देशाची लोकसंख्या होती जेमतेम एक्कावन्न लाख. बहुतेक घरांतून एकटा-दुकटा गेला नाही. थोरला गेला, त्याने पत्र आणि तिकिटाचे पैसे पाठवले, मग धाकटी बहीण गेली, मग मधला. जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मगाव ‘स्वीडन’ एवढंच असेल, पण त्याच्या बहिणीच्या मृत्युलेखात पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचं, नाव स्पष्ट छापलेलं असेल. अडलेली वाट बहुतेक वेळा आडव्या नात्यातून सुटते.

आधी घरातले कागद

संगणक उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. बायबलची पहिली पानं, अंत्यविधीला वाटलेली छापील कार्डं, जुनी पत्रं, पाकिटांवरचे शिक्के, हे सगळं बघा. फोटोची मागची बाजू हमखास बघा. त्या काळच्या जाड पुठ्ठ्यावरच्या फोटोंवर स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असे. स्वीडनमधल्या छोट्या गावाचं नाव फोटोमागे दिसलं, तर घराचा मुलूख बराचसा कळला. अमेरिकेतल्या गावाचं नाव दिसलं आणि तिथे आपलं कुणीच राहत नव्हतं, तर तिथे एखादं भावंडं होतं असं धरून चाला.

प्रत्येक भावंडासाठी वेगळा कागद किंवा एक्सेलची वेगळी ओळ करा: नाव, त्याची सगळी रूपं, जन्मतारीख, जन्माचं पॅरिश, निघण्याची तारीख, शेवटचा ठावठिकाणा, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते. हा शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सहा महिन्यांनी दोन ‘कार्ल’ समोर आले की तोच उपयोगी पडतो.

आडनाव सोडा, जन्मतारीख धरा

नवखा माणूस आडनावाने शोधतो आणि हरतो. एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडनच्या खेड्यांत बहुतेकांना आपल्या अर्थाने आडनाव नव्हतंच. आंदेर्सचा मुलगा आंदेर्सोन, मुलगी आंदेर्सदॉतर. त्या आंदेर्सोनचं नाव नील्स असेल तर त्याची मुलं नील्सोन आणि नील्सदॉतर. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, तिथे ते शेवटी येई, एवढाच फरक. लग्नानंतरही बाई वडिलांच्याच नावाने ओळखली जाई. घराण्याचं कायमचं आडनाव हवं, असा कायदा १९०१ साली आला.

शिवाय आडनाव बदलायला कुणाची आडकाठी नव्हती. सैन्यात गेलेल्याला पलटणीकडून छोटंसं नाव मिळे: रास्क, मोदिग, स्तोल, लिंद असं काही. एकाच तुकडीत पाच आंदेर्सोन असले तर हाक कुणाला मारायची, हा प्रश्न त्याने सुटे. शहरात कारागिरी शिकायला गेलेला मुलगा लिंदबेरी किंवा सोदेरस्ट्रोम असं निसर्गावरून घेतलेलं नाव लावे. म्हणून एका आईबापांच्या चार मुलांची अमेरिकेत चार आडनावं सापडली तर दचकू नका.

कवी कार्ल सँडबर्गचं घर याचं चांगलं उदाहरण आहे. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला त्याचे वडील ऑगस्ट रेल्वेच्या लोहारशाळेत काम करत. तिथे ऑगस्ट जॉन्सन नावाची इतकी माणसं होती की पगाराची पाकिटं चुकू लागली, म्हणून त्यांनी सँडबर्ग हे नाव घेतलं, असं त्या घरात सांगत. खुद्द कार्लही तरुणपणी स्वतःला चार्ल्स म्हणवत असे. म्हणजे बापाचं आडनाव आणि मुलाचं पहिलं नाव, दोन्ही बाबतींत कागद फसवू शकतात.

जन्मतारीख मात्र सहसा टिकते. स्वीडनचे पाद्री प्रत्येक वहीत तारीख पुन्हा पुन्हा लिहीत, त्यामुळे माणसांना आपली तारीख पक्की माहीत असे. १४ मार्च १८६१ ही तारीख आणि पॅरिशचं नाव जुळलं, तर आडनाव काहीही असो, माणूस बहुधा तोच. एखाद्या दिवसाचा फरक चालवून घ्या. तारखेच्या जागी बाप्तिस्म्याचा दिवस लिहिला गेल्याची उदाहरणं आहेत.

पहिल्या नावांची रूपांतरं सरावाने कळतात. योहानचा जॉन, कार्लचा चार्ल्स, पेरचा पीटर, नील्सचा नेल्स, आंदेर्सचा अँड्र्यू, स्वेनचा स्वॅन, लार्सचा लुईस, गुस्ताफचा गस. ब्रीता बेट्सी किंवा बर्था होते, शेर्स्तिन ख्रिस्तिना होते. आडनावं कधी अर्ध्यावर बदलतात: शोबेरीचं सीबर्ग किंवा शोबर्ग होतं, युंगबेरीचं यंगबर्ग. स्वीडिश लिपीतली डोक्यावर ठिपके किंवा गोल असलेली तीन अक्षरं अमेरिकेत साधी ए आणि ओ झाली. शोधताना उरलेली दोन-तीन अक्षरं घालून बाकीच्या जागी तारांकन टाकायची सवय लावून घ्या.

पॅरिशचं नाव बहुधा अमेरिकेतच सापडतं

स्वीडनच्या वह्या पॅरिशवार आहेत, म्हणून पॅरिश कळल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. ‘स्मोलांदहून आले’ एवढी माहिती पुरत नाही. स्मोलांद हा मोठा प्रांत आहे आणि त्यात शेकडो पॅरिश आहेत.

सगळ्यात आधी स्वीडिश-अमेरिकन चर्चच्या वह्या बघा. ऑगस्टाना लुथरन सिनड ही चर्चची संघटना १८६० साली स्थापन झाली आणि तिच्या चर्चमधल्या पाद्र्यांनी मायदेशातलीच पद्धत चालू ठेवली. सभासदाच्या नावापुढे जन्मतारीख, स्वीडनमधलं जन्मस्थान, कुठून आला, कधी आला, पुढे कुठे गेला, सगळं लिहिलेलं असतं. या वह्यांच्या मायक्रोफिल्मचा मोठा संग्रह इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथे ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन केंद्रात आहे, आणि बराच भाग अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. घर मिशन कॉव्हेनंट, बॅप्टिस्ट किंवा मेथॉडिस्ट असेल तर वह्या वेगळ्या ठिकाणी असतात आणि त्या इतक्या भरगच्च नसतात.

चर्च हाती लागलं नाही तर नागरिकत्वाचे कागद बघा. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मतारीख, जन्मस्थान आणि जहाजाचं नाव असतं. त्याआधीच्या कागदांत ‘स्वीडनच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ यापलीकडे फारसं काही मिळत नाही. सोशल सिक्युरिटीच्या मूळ अर्जात आईचं माहेरचं नाव असतं, आणि तो अर्ज मागवता येतो. पहिल्या महायुद्धातली भरतीची नोंदणी आणि १९४२ साली वयस्कर पुरुषांची झालेली नोंदणी, दोन्हींत जन्मतारीख मिळते. दुसरीत जन्मगावही असतं. शेतकरी भावाने १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घेतली असतील, तर त्या जमिनीच्या फाइलीत नागरिकत्वाचा कागद जोडलेला असण्याची चांगली शक्यता असते.

आणि वर्तमानपत्रं. मिनिआपोलिसचं ‘स्वेन्स्का अमेरिकान्स्का पोस्टेन’ आणि त्याच्यासारख्या दोन डझनांहून अधिक पत्रांचे अंक मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्यांतल्या मृत्युलेखांत जन्माचं पॅरिश आणि मागे राहिलेली भावंडं, दोन्ही सापडतात. स्वीडिश येत नसलं तरी घाबरू नका. मृत्युलेखाचा साचा ठरलेला असतो, आणि गूगलचं भाषांतर या कामापुरतं चालतं.

घरपरीक्षेची वही

पॅरिश कळलं की जरा थांबून श्वास घ्या, कारण आता जे समोर येतं तसं दप्तर जगात फार थोड्या देशांत आहे.

१६८६च्या चर्च कायद्याने पाद्र्यांवर नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकली. पाद्री दरवर्षी घरोघरच्या माणसांची परीक्षा घेई: वाचता येतं का, धर्मप्रश्नोत्तरी पाठ आहे का. या परीक्षेची जी वही असे तिला स्वीडिशमध्ये हूसफोरहोर्सलेंग्ड म्हणतात. साधारण १८९५पर्यंत ती त्या नावाने चालली, पुढे तिची जागा पॅरिशच्या वहीने घेतली आणि परीक्षेचे रकाने गेले. एक वही बहुधा पाच ते दहा वर्षं वापरली जाई, म्हणून एकाच पानावर एका घरात दहा वर्षांत झालेल्या उलाढाली साठत जातात.

एक पान कसं वाचायचं ते बघू. वर शेताचं किंवा वस्तीचं नाव. त्याखाली बाप, त्याचा धंदा: स्वतःची जमीन असलेला शेतकरी, खंडाने छोटा तुकडा कसणारा तोर्पारे, किंवा दुसऱ्याच्या आसऱ्याने राहणारा. त्याखाली बायको, मग मुलं जन्माच्या क्रमाने. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख आणि जन्माचं पॅरिश. तारखेत आधी दिवस, मग महिना, आपल्यासारखंच. अमेरिकन सवयीने उलटं वाचू नका. मधल्या रकान्यांतल्या बारीक रेघा आणि खुणा म्हणजे वाचनाचे आणि पाठांतराचे गुण. उजवीकडे कुठून आला, कुठे गेला, कधी. अगदी शेवटी शेरे: देवीची लस टोचली, पाय अधू, लष्करात दाखल.

काही नावांवर आडवी रेघ मारलेली दिसेल. रेघ म्हणजे माणूस त्या पानावरून गेला, मग मेला म्हणून असो की घर सोडून गेला म्हणून. मेला असेल तर तारखेशेजारी तशी खूण असते. गेला असेल तर उजवीकडे दुसऱ्या पॅरिशचं नाव, त्याच वहीतला पान क्रमांक, किंवा ‘उ. अमेरिका’ हे शब्द आणि तारीख. पान क्रमांक असेल तर त्या पानावर जायचं, तिथे तो भाऊ दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून किंवा बहीण मोलकरीण म्हणून सापडेल. पंधरा-सोळा वर्षांची झाली की गरीब घरची मुलं अशी बाहेर पडत आणि दर शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या शेवटी, मालक बदलत. गड्याला द्रेंग आणि मोलकरणीला पीगा म्हणत. हे दोन शब्द पानोपानी भेटतील.

भावंडांचा शोध म्हणजे हेच: आईबापांच्या लग्नापासून सुरुवात करून त्या घराचं प्रत्येक पान, प्रत्येक वही, शेवटचं मूल घराबाहेर पडेपर्यंत उलटत जायचं. वेळ लागतो. एखादी वही सोडून पुढे उडी मारायचा मोह होतो. तसं केलंत तर नेमकं तेच मूल हातचं जातं, जे दोन वह्यांच्या मधे जन्मलं आणि वारलं.

आणखी एक सावधगिरी. लहान मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती. एकाच घरात १८५८ची आना आणि १८६२ची आना दिसली, तर त्या दोघी आहेत. पहिलीवर रेघ असते. जन्माच्या वहीतून घाईघाईने नाव उचललं तर मेलेल्या मुलीला तुम्ही अमेरिकेला पाठवाल. सावत्र भावंडांकडेही लक्ष ठेवा. विधुराने लवकर दुसरं लग्न करणं नेहमीचं होतं, आणि लग्नाआधीच्या मुलापुढे पाद्री तसा शब्द लिहूनच ठेवी.

वह्या बघायच्या कुठे? स्वीडनचं राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे रिक्सआर्किवेट, २०१८पासून आपल्या डिजिटल वह्या फुकट दाखवतं. आर्किव्ह डिजिताल या खासगी कंपनीची वर्गणी भरली तर रंगीत आणि जास्त स्वच्छ फोटो मिळतात. शाई उडालेल्या पानाला रंगीत फोटोने खूप फरक पडतो. पण माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे फुकटावर काढा. १८८०, १८९०, १९०० आणि १९१०च्या स्वीडिश जनगणनाही रिक्सआर्किवेटवर नावाने शोधता येतात, आणि पॅरिशचा फक्त अंदाज असेल तेव्हा त्यांचा मोठा आधार होतो. भावंडं स्टॉकहोमला गेलं असेल तर वाट थोडी वेगळी आहे. तिथे १८७८ ते १९२६ची शहराची स्वतंत्र नोंदव्यवस्था होती, तिला रोटेमान म्हणतात.

निघाले कधी, कोणत्या वाटेने

पॅरिश सोडताना पाद्र्याकडून दाखला घ्यावा लागे आणि त्याची नोंद स्थलांतराच्या वहीत होई. घरपरीक्षेच्या पानावर ‘उ. अमेरिका’ दिसलं की त्याच वर्षाची स्थलांतराची वही उघडा. एकाच दिवशी त्याच गावातून आणखी कोण निघालं ते वाचा. शेजारी, मावसभाऊ, आणि पुढे ज्याच्याशी बहिणीचं लग्न झालं तो मुलगा अशा यादीत सापडतो. सगळी टोळी अमेरिकेतही बहुधा एकाच तालुक्यात उतरलेली असते.

मग बंदर. बहुतेक जण गोथेनबर्गहून निघत. तिथल्या पोलिसांकडच्या प्रवाशांच्या याद्या १८६९पासून आहेत. त्यांत नाव, वय, मूळ पॅरिश आणि अमेरिकेतलं जाण्याचं ठिकाण असतं. गोथेनबर्गहून विल्सन लाइनच्या बोटीने इंग्लंडमधलं हल, हलहून रेल्वेने लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून मोठ्या जहाजाने न्यूयॉर्क, अशी ठरलेली वाट होती. म्हणून अमेरिकेतल्या यादीत जहाज लिव्हरपूलहून आलेलं दिसतं. तो प्रवासी इंग्रज नव्हे. गोथेनबर्गहून थेट न्यूयॉर्कला जाणारी स्वीडिश अमेरिकन लाइन १९१५ साली सुरू झाली.

दक्षिणेकडच्या स्कोनेतले लोक माल्मो किंवा कोपनहेगनहून गेले, वेर्मलांद आणि उत्तरेकडचे काही नॉर्वेच्या बंदरांतून. गोथेनबर्गच्या यादीत भाऊ नसेल तर तिकडे बघा. लष्करी सेवा चुकवून दाखल्याशिवाय निसटलेला तरुण तर हमखास दुसऱ्याच वाटेने गेलेला असतो.

न्यूयॉर्कची आगमनं १८५५ ते १८९०पर्यंत कॅसल गार्डनला आणि १८९२पासून एलिस आयलंडला झाली. आधीच्या याद्या त्रोटक आहेत. १८९३च्या कायद्यानंतर प्रवाशाला विचारत, कुणाकडे चालला आहेस? त्याचं उत्तर नाव आणि पत्त्यासकट लिहिलेलं असतं, आणि ते बरेचदा ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’ असतं. १९०७पासून मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नावही विचारू लागले. एका धाकट्या बहिणीची अशी एकच ओळ सापडली तर दोन्ही काठांवरची भावंडं एकदम हाताला लागतात. या याद्यांची दोन पानं शेजारी शेजारी असतात. दुसरं पान उघडायला विसरू नका.

अमेरिकेतली मधली वीस वर्षं

दर दहा वर्षांची अमेरिकन जनगणना सगळ्यांना माहीत असते. घात होतो तो १८९०च्या जनगणनेत. तिची बहुतेक पानं १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि नंतरच्या दुर्लक्षात गेली. स्वीडिश स्थलांतराचा सगळ्यात मोठा लोंढा १८८०च्या दशकातला, त्यामुळे नेमकी तीच माणसं १८८०मध्ये अजून आलेली नसतात आणि १९००मध्ये एकदम लग्न होऊन तीन मुलांसह दिसतात. मधलं सगळं कोरं.

ते भरायला राज्यांच्या जनगणना वापरा. मिनेसोटाने १८८५, १८९५ आणि १९०५ला केली, आयोवा आणि कॅन्ससनेही केल्या. आयोवाची १९२५ची तर सोन्याची खाण आहे, कारण तिच्यात प्रत्येकाच्या बापाचं नाव आणि आईचं माहेरचं नाव विचारलं आहे. एखादा भाऊ आयोवात गेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बघा. शहरात राहणाऱ्यांसाठी दरवर्षी छापल्या जाणाऱ्या शहर निर्देशिका आहेत. एकाच पत्त्यावर दोन वेगळ्या आडनावांचे तरुण दोन-तीन वर्षं सलग दिसले, तर ते भाऊ असू शकतात. शिकागोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतके स्वीडिश होते की स्टॉकहोमनंतरचं दुसरं स्वीडिश शहर हेच, असं म्हणत. तिथे नुसत्या नावाने शोधू नका, पत्त्याने आणि धंद्याने शोधा.

१९००च्या जनगणनेचं एक वैशिष्ट्य भावंडांसाठी फार मोलाचं आहे. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष आहे, अमेरिकेत आल्याचं वर्ष आहे, आणि प्रत्येक आईपुढे दोन आकडे आहेत: किती मुलं झाली, किती हयात आहेत. सँडबर्ग घरात सात मुलं झाली आणि एमिल व फ्रेड हे दोन लहानगे १८९२ साली घटसर्पाने गेले. अशा घरात सात आणि पाच हे आकडे दिसायला हवेत. तुमच्या यादीत पाचच नावं असतील आणि पानावर सात लिहिलं असेल, तर दोन छोटी थडगी शोधायची बाकी आहेत. १९१०मध्येही हाच प्रश्न होता.

बहिणी

बहिणींना वेगळं शोधावं लागतं. बहुतेक वंशावळींत भाऊ सगळे भरलेले आणि बहिणींपुढे प्रश्नचिन्ह असतं. कारण सरळ आहे. लग्नानंतर आडनाव बदललं, आणि १९२२पर्यंत नागरिकत्व नवऱ्याबरोबर आपोआप मिळत असल्याने तिचे स्वतःचे कागद नाहीत. लष्करी नोंदणी नाही, जमीन क्वचित.

पण लग्नाआधी काही वर्षं ती कुणाच्या तरी घरी कामाला होती, ही गोष्ट लक्षात ठेवा. मिनिआपोलिस, सेंट पॉल, शिकागोच्या श्रीमंत घरांत स्वीडिश मुलींना मोठी मागणी होती. जनगणनेत ती त्या घराच्या शेवटच्या ओळीत, ‘सर्व्हंट’ म्हणून, स्वतःच्या मूळ नावासह दिसेल. नेल्सन, अँडरसन असं आडनाव, वय बावीस, जन्म स्वीडन. त्यानंतर चर्चची लग्नाची वही बघा. लग्नाला साक्षीदार कोण होते ते वाचा, आणि तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले कोण तेही. तिथे भाऊ-बहिणी पुन्हा एकत्र येतात. एका भावाच्या मृत्युलेखातलं ‘मिसेस अमुकतमुक, टकोमा’ एवढंही तिचं सासरचं नाव शोधायला पुरतं. आईबापांची मालमत्ता-यादी मिळाली तर हा प्रश्न मुळातच सुटतो.

मालमत्ता-यादी

हिच्याबद्दल नवख्यांना कुणी सांगत नाही. स्वीडनमध्ये १७३४च्या कायद्यापासून माणूस मेला की त्याच्या मालमत्तेची यादी करावी लागे. तिला बूउप्तेकनिंग म्हणतात. त्या यादीत गायी, घोंगड्या, चमचे, देणी-घेणी तर असतातच, पण पहिल्या परिच्छेदात सगळे वारस नावानिशी असतात. वयात आलेली मुलं, त्यांची वयं किंवा राहण्याची जागा, मुलींच्या नवऱ्यांची नावं, मेलेल्या मुलाची मुलं. अमेरिकेत गेलेल्यांपुढे ‘उत्तर अमेरिकेत वास्तव्य’ लिहिलेलं असतं, आणि नशीब असेल तर राज्य किंवा गावही. वारसहक्काचा प्रश्न असल्याने दूर गेलेलं भावंडंही वगळता येत नसे. कधी अमेरिकेतून पाठवलेलं मुखत्यारपत्र सोबत जोडलेलं सापडतं. त्यावर भावाची स्वतःची सही, नवं आडनाव आणि पत्ता असतो.

या याद्या चर्चच्या नव्हे, जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात आहेत, म्हणून आधी ते पॅरिश कोणत्या न्यायालयाखाली येई हे बघावं लागतं. आईची यादी आणि बापाची यादी, दोन्ही काढा. दोघांच्या मृत्यूत वीस वर्षांचं अंतर असेल तर त्या वीस वर्षांत कोण कुठून कुठे गेलं ते आपोआप उलगडतं. अगदी गरीब घराची यादी होत नसे. त्याऐवजी गरिबीचा दाखला देत आणि त्यात वारस असतीलच असं नाही. निपुत्रिक भावंडाची यादी तर जरूर काढा, कारण तिथे वारस म्हणून बाकीची सगळी भावंडं आणि भाचवंडं येतात.

स्वीडनमध्येच राहिलेल्यांसाठी तिथल्या वंशावळ संघाने केलेली ‘स्वेरियेस दोदबूक’ ही मृत्युसूची आहे. तिच्यात फक्त जन्मतारीख घालून शोधता येतं, त्यामुळे आडनाव काय लावलं ते माहीत असायची गरज नाही. सगळं घर गेलं असं समजू नका. गीतकार आणि कामगार चळवळीतला कार्यकर्ता जो हिल याचंच बघा. येव्ले शहरात ७ ऑक्टोबर १८७९ रोजी जन्मलेला हा योएल हेग्लुंद. नऊ मुलांतली सहा जगली. १९०२ साली आई गेल्यावर तो आणि भाऊ पॉल अमेरिकेला निघाले, बाकीचे स्वीडनमध्ये राहिले. अमेरिकेत तो जोसेफ हिलस्ट्रोम झाला, मग जो हिल, आणि १९ नोव्हेंबर १९१५ रोजी युटामध्ये त्याला गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. हिल या नावाने शोधणाऱ्याला हेग्लुंद घर कधीच सापडलं नसतं. त्याच्या बालपणाची बरीचशी माहिती मिळाली ती मागे राहिलेली बहीण एस्तेर हिच्याकडून.

जो सापडतच नाही

बहुतेक घरात एक असा असतो. पत्रं थांबली, पत्ता बदलला, कुणाला काही कळलं नाही. त्याच्यासाठी तीन जागा बघा. पहिली, परतलेल्यांची: गेलेल्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्वीडनला परत आला, म्हणून आगमनाच्या वहीत ‘उ. अमेरिकेहून’ असा शेरा शोधा. दुसरी, १८९५नंतरच्या पॅरिशच्या वह्यांतली बेपत्ता माणसांची वेगळी यादी. दाखल्याशिवाय गेलेला माणूस काही वर्षांनी तिथे सरकवला जाई. तिसरी, स्वीडिश-अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या शोध-जाहिराती. ‘माझा भाऊ अमुक साली मिनिआपोलिसला होता, त्याच्याबद्दल कुणाला माहिती असल्यास कळवावे’ अशा ओळी त्यांत भावा-बहिणींनीच छापून आणल्या आहेत. लाकूडतोडीचे तळ, खाणी आणि रेल्वेची कामं फिरत्या माणसांची होती, म्हणून पश्चिमेकडच्या राज्यांची मृत्यूची नोंद आणि इस्पितळांची दफनयादीही चाळा.

डीएनए चाचणी इथे उपयोगी पडते. चुलत-मावस नात्यातलं कुणीतरी जुळतं आणि त्यांच्या झाडात आपला हरवलेला माणूस वेगळ्या आडनावाने बसलेला असतो. मात्र दुसऱ्याने ऑनलाइन मांडलेलं झाड जसंच्या तसं उचलू नका. जन्मतारीख आणि पॅरिश वहीत स्वतः पडताळा. तारीख, पॅरिश आणि एखादं भावंडं, या तीनपैकी दोन जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असं लिहू नका.

अलीकडच्या पिढीसाठी वाट अरुंद होते. स्वीडनच्या वह्या साधारण ७० वर्षं गोपनीय राहतात. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते: १९५०ची २०२२ साली झाली, १९६०ची एप्रिल २०३२मध्ये होईल. तोवर त्या काळातल्या चुलत भावंडांसाठी गावच्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख आणि शहर निर्देशिका यांवरच भागवावं लागेल, आणि गावच्या वाचनालयातल्या माणसाला ईमेल पाठवलं तर मृत्युलेखाची प्रत बहुधा नाममात्र पैशांत मिळते. पत्रात पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि हवं असलेलं एकच पान लिहा. लांबलचक वंशकथा लिहिली की उत्तर यायला उशीर होतो.